जुने पाळणे काढावेत का?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळ, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही करमणुकीची मोठी नगरी आहे. तिथल्या ‘मॅजिक किंगडम’ या पार्कमध्ये १९७१ पासून एक कृत्रिम नदी होती. ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ हे तिचे नाव. तिच्यात जुन्या पद्धतीची, मागच्या मोठ्या चाकाने पाणी कापत जाणारी आगबोट संथपणे फेरी मारायची. नदीच्या मधोमध ‘टॉम सॉयर’चे बेट होते. तराफ्यात बसून तिथे जायचे, गुहांतून फिरायचे, पिंपांवर तरंगणाऱ्या हलत्या पुलावरून पळायचे, लाकडी किल्ल्यावर चढायचे. ६ जुलै २०२५ हा या सगळ्याचा शेवटचा दिवस ठरला. त्या जागी आता ‘कार्स’ या ॲनिमेशन चित्रपटावर आधारलेल्या राईड उभारल्या जाणार आहेत.

ही घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि या पार्कांच्या चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की बेटावर जायचेच किती लोक? मार्क ट्वेनची टॉम सॉयरची कादंबरी १८७६ सालची. आजच्या मुलांना टॉम सॉयर कोण हे सांगावे लागते, लाल रंगाची बोलणारी मोटार मात्र तीन वर्षांचे पोरही ओळखते. एवढी मोठी जागा पाण्याखाली अडकवून का ठेवायची? दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की सगळ्या पार्कमध्ये रांग न लावता, आरडाओरडा न ऐकता, झाडाच्या सावलीत बसता येईल अशी तीच एक मोठी जागा होती. मुलांनी मनाला येईल तसे हुंदडावे आणि मोठ्यांनी पाण्याकडे बघत बसावे, याला किंमत नाही का?

वाचकहो, हा वाद आपल्याला लांबचा वाटेल. आपल्याकडे माहीमच्या उरुसात समुद्रकिनारी मोठमोठे पाळणे लागतात. उरूस संपला की ते उतरतात आणि दुसऱ्या गावच्या जत्रेला जातात. पुढच्या वर्षी आलेला पाळणा तोच की दुसरा, हे कुणी विचारत नाही. आपला जीव त्या गर्दीत, त्या दिवसांत आणि सोबतच्या माणसांत असतो. कायमच्या पार्कमध्ये तसे नसते. तिथे एकच होडी त्याच वळणाने पन्नास वर्षे जाते. जिथे आई लहानपणी बसली होती तिथेच ती आपल्या मुलाला बसवते. अशी होडी काढायची म्हटली की लोकांना ती घरातली वस्तू कुणी उचलून नेल्यासारखी वाटते.

म्हणून हा वाद नवा नाही. याच मॅजिक किंगडममध्ये ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राईड’ नावाची, लहान मुलांची, अंधारातून वेडीवाकडी जाणारी राईड होती. १९९७ साली ती जाणार अशी बातमी फुटली. चाहत्यांनी हिरवे टी-शर्ट घालून पार्कमध्ये शांतपणे निदर्शने केली, कंपनीला पत्रे लिहिली. राईड वाचली नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये ती बंद झाली आणि १९९९ मध्ये तिथे ‘विनी द पूह’ या मधखाऊ अस्वलाची राईड आली. गंमत अशी की त्या वेळी पूहच्या राईडमध्ये बसलेली चार-पाच वर्षांची मुले आज स्वतः आईबाप आहेत. त्यांचे बालपण म्हणजे पूह. उद्या पूहला हटवायचे ठरले तर तितकीच ओरड होईल आणि ती करणाऱ्यांतल्या अनेकांना टोड कोण हे ठाऊकही नसेल.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. ‘जुने ते सोने’ म्हणणारा प्रत्येक जण आपापल्या बालपणाची तारीख धरून बोलत असतो. त्याच्या आधीचे त्याला माहीत नसते आणि त्याच्या नंतरचे त्याला उपरे वाटते. तेव्हा नुसत्या वयावरून कुठली राईड ठेवावी हे ठरवता येणार नाही.

बदल करणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती आपण नीट ऐकली पाहिजे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात पहिले डिस्नीलँड उघडले, तेव्हापासून त्यांचे सांगणे होते की हे काम कधीच पुरे व्हायचे नाही, त्यात भर पडत राहणार. त्यांनी पार्क बांधला तो वस्तुसंग्रहालय म्हणून नव्हे. शिवाय पाण्यात चालणारी यंत्रे झिजतात, गंजतात. जवळच्याच युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये १९९० साली ‘जॉज’ या शार्कच्या चित्रपटावरची राईड सुरू झाली. यंत्राचा शार्क पाण्यातून उसळून होडीवर यायचा. सुरुवातीलाच तो इतका बिघडत राहिला की राईड बंद करून पुन्हा बांधावी लागली. लोकांनी तिच्यावर प्रेम केले, पण जानेवारी २०१२ मध्ये ती कायमची बंद झाली आणि २०१४ मध्ये तिथे हॅरी पॉटरच्या कथेतली जादूगारांची बाजारपेठ, डायगॉन ॲली, उभी राहिली. पुस्तके वाचत वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला पाहायची होती ती गल्ली खरोखर पाहायला मिळाली. आणखी एक साधा हिशेब आहे. पार्कमध्ये एका दिवसाचे एका माणसाचे तिकीट आज शंभर डॉलरच्या पुढे गेले आहे. एवढे पैसे मोजून आलेल्या कुटुंबाला दिवसभर रांगेतच उभे राहावे लागले तर त्यांनी तक्रार का करू नये? जी जागा थोड्याच लोकांच्या उपयोगी पडते तिच्याकडे मालकाची नजर जाणारच.

काही वेळा तर जुने काढणे हेच योग्य असते. ‘स्प्लॅश माउंटन’चे उदाहरण घ्या. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसायचे, डोंगरातून फिरायचे आणि शेवटी उंच उतारावरून धाडकन पाण्यात यायचे, अशी ही राईड. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये आणि फ्लोरिडात १९९२ मध्ये ती सुरू झाली. लोकांनी तिला डोक्यावर घेतले. पण तिच्यातली पात्रे आणि गाणी होती १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर कृष्णवर्णीय माणसे किती आनंदात राहत होती, असे चित्र त्या सिनेमात रंगवलेले आहे. सिनेमा आला त्याच वर्षी त्यावर निषेध नोंदवले गेले. डिस्ने कंपनीने स्वतःच्या देशात तो घरी बघण्यासाठी कधीही विक्रीला आणला नाही. जो सिनेमा दाखवायची कंपनीलाच लाज वाटत होती त्याची राईड मात्र तीस वर्षे चालली.

जून २०२० मध्ये, अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चे निघत असताना, ही राईड बदलण्याची घोषणा झाली. दोन्ही बाजूंनी सह्यांच्या मोहिमा चालल्या. राईड वाचवू पाहणाऱ्या सगळ्यांना वर्णद्वेषी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतल्या बहुतेकांनी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता. त्यांना आठवत होता तो शेवटचा उतार, भिजलेले कपडे आणि शेजारी बसून ओरडणारे वडील. पण त्याच होडीत एखादे कृष्णवर्णीय कुटुंब बसले असेल आणि ही गोष्ट कुठून आली हे त्यांना माहीत असेल, तर त्यांच्या मनाचे काय? त्यांनी आपल्या मुलाला काय सांगायचे? त्यांचे दुखणे कुणाच्या सुटीच्या छायाचित्रात दिसले नाही, म्हणून ते नव्हते असे होत नाही. जून २०२४ मध्ये फ्लोरिडात आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात त्याच उतारावर टियाना या डिस्नेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राजकन्येची राईड सुरू झाली. पाणी तेच, उतार तोच, भिजणे तेच. गेली ती फक्त टोचणारी गोष्ट. नवी गोष्ट जुनीइतकी रंगली की नाही यावर चाहते आजही भांडतात आणि ते भांडण रास्त आहे. पण बदलायला हवे होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

इथवर येऊन आम्हाला असे वाटते की ‘जुने की नवे’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. विचारायला हवे ते हे : ही गोष्ट गेली तर कोणाचे काय जाते? आणि ती राहिल्याने आजवर कोणाचे काय जात होते? स्प्लॅश माउंटन राहिल्याने काही जणांचा मान जात होता. नदी गेल्याने काय जाते, ते आता पाहू.

डिस्नीलँडच्या जन्माची हकिगत अमेरिकेत घराघरांत ठाऊक आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून त्यांच्याकडे बघत राहत. मुले खेळतात आणि मोठे नुसते बसतात, असे का? दोघांना मिळून आनंद घेता येईल अशी जागा का असू नये? या विचारातून पुढे डिस्नीलँड निघाले असे ते सांगत. म्हणजे या साऱ्या डोलाऱ्याचा पाया एका बापाची इच्छा आहे. पोरांच्या शेजारी बसायची इच्छा.

आता हीच कसोटी लावून बघा. आगबोटीला उंचीची अट नव्हती. सहा महिन्यांचे बाळ, गुडघे दुखणारी नानी, पोटुशी सून, सगळ्यांनी एकत्र बसावे. बेटावरही तसेच. याउलट टियानाच्या राईडला चाळीस इंच, म्हणजे जवळपास १०२ सेंटिमीटर, उंची लागते. स्प्लॅश माउंटनलाही तीच अट होती, त्यामुळे तिथे हिशेब बरोबर सुटला. पण २०२३ मध्ये मॅजिक किंगडममध्ये सुरू झालेल्या ‘ट्रॉन’ या वेगवान राईडला ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर, उंची हवी. साधारण सात-आठ वर्षांचे मूल तेवढे भरते. घरात एक नऊ वर्षांचा आणि एक पाच वर्षांची असेल तर एक आत जाणार, दुसरी बाहेर रडणार आणि अम्मी तिला समजावत उभी राहणार.

सगळ्यांत बोलका दाखला आहे ‘मपेट व्हिजन थ्री-डी’चा. जिम हेन्सन या बाहुल्यांच्या जादूगाराच्या अखेरच्या कामांपैकी हे एक. ते १९९० च्या मे महिन्यात वारले आणि बरोबर वर्षाने, मे १९९१ मध्ये, फ्लोरिडात हा खेळ सुरू झाला. थंडगार नाट्यगृह, बसायला खुर्च्या, डोळ्यांना चष्मा आणि बाहुल्यांचा धिंगाणा. नातू आणि नाना शेजारी बसून एकाच विनोदावर हसत. जून २०२५ मध्ये हे नाट्यगृह बंद झाले. त्या जागेच्या आसपास ‘मॉन्स्टर्स इंक’ चित्रपटावर आधारलेला विभाग आणि रोलर कोस्टर येणार आहे. चाहत्यांची समजूत काढायला कंपनीने मपेट बाहुल्यांना त्याच पार्कमधल्या दुसऱ्या एका जुन्या राईडवर न्यायचे ठरवले. कुठली राईड? ‘रॉक अँड रोलर कोस्टर’. तिची उंचीची अट ४८ इंच. बाहुल्या राहिल्या, पण ज्या लहानग्यांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी त्या होत्या ते मात्र बाहेर राहिले. नाव टिकले म्हणजे वस्तू टिकली असे होत नाही, ते असे.

नव्याने नेहमी असेच होते असेही नाही, हे सांगायला हवे. एपकॉट या पार्कच्या नॉर्वे विभागात ‘मेलस्ट्रॉम’ ही होडीची राईड होती. २०१६ मध्ये तिथे ‘फ्रोझन’ या लोकप्रिय चित्रपटाची राईड आली. खऱ्या नॉर्वे देशाच्या जागी कल्पनेतले राज्य आणले, म्हणून अनेक चाहते हळहळले. पण होडीचा मार्ग तोच ठेवला आणि उंचीची अट आधीही नव्हती, नंतरही आली नाही. ‘कार्स’च्या नव्या दोन राईडपैकी एक लहान मुलांसाठी असेल असे कंपनीने सांगितले आहे. ते चांगलेच होईल. तरी नदीकाठच्या बाकाची जागा राईडने भरत नाही. बाकावर बसायला कोणी तिकीट काढत नाही, रांग लावत नाही, म्हणून किती लोकांनी तिथे दम घेतला याची मोजदाद होत नाही. आणि जे मोजले जात नाही ते हिशेबात सर्वांत आधी निरुपयोगी ठरते.

मधला मार्गही असतो आणि तो याच लोकांनी दाखवलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्येही अशीच एक नदी आहे. ‘स्टार वॉर्स’च्या नव्या विभागाला जागा हवी होती, तेव्हा २०१६ मध्ये नदी काही काळ बंद केली, तिची लांबी कमी केली, नवे वळण दिले आणि २०१७ मध्ये आगबोट पुन्हा सुरू झाली. नवा विभाग २०१९ मध्ये उघडला. दोघे आज शेजारी नांदतात. फ्लोरिडातला ‘कंट्री बेअर’चा गाणाऱ्या अस्वलांचा खेळ १९७१ चा. तो मोडीत काढतील अशी भीती होती. २०२४ मध्ये अस्वले तीच ठेवून, त्यांना नवे कपडे आणि नवी गाणी देऊन तो पुन्हा उघडला. जे काढावेच लागते त्याची खूणही ठेवता येते. पूहच्या राईडच्या भिंतीवर एक लहानसे चित्र आहे. त्यात टोड घुबडाच्या हाती घराचे कागद सोपवताना दिसतो. युनिव्हर्सलमध्ये २००२ साली किंग काँगची जुनी राईड गेली आणि तिच्या जागी ममीची राईड आली. तिच्या खजिन्याच्या दालनात काँगची छोटी सोनेरी मूर्ती ठेवलेली आहे. ज्याला माहीत आहे तो ती शोधतो आणि मुलांना दाखवतो. एवढ्याने जुने परत येत नाही, पण आपली कोणीतरी दखल घेतली एवढे समाधान माणसाला मिळते.

आपल्याकडे असे वाद फारसे होत नाहीत, कारण पाळणे बदलण्याइतके पार्क टिकतच नाहीत. मार्वेहून होडीने गोराईला जाऊन एस्सेल वर्ल्ड पाहिलेली किती कुटुंबे आमच्या वाचकांत असतील. ते १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. कुठला पाळणा ठेवायचा, कुठला काढायचा, हे कोणी लोकांना विचारायची वेळच आली नाही. त्या मानाने भांडायला जागा असणारे चाहते नशीबवानच म्हणायचे.

एका बाबतीत मात्र हा विषय आपल्या अंगणापर्यंत येतो. मे २०२५ मध्ये डिस्नेने अबू धाबीच्या यास बेटावर नवे पार्क होणार असल्याचे जाहीर केले. कोकणातली, मुंबईची कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी अमिरातीत आहेत. सुटीत गावाहून दादी-दादा, नाना-नानी तिकडे जातात आणि मुले त्यांना फिरवायला नेतात. या नव्या पार्कमध्ये जुने काहीच नसेल, त्यामुळे काढायचेही काही नसेल. आज तिथे जे बांधले जाईल त्यावर पन्नास वर्षांनी कोणीतरी जीव टाकील. तिथे सगळ्यांनी मिळून बसायची संथ होडी असेल की नुसते किंचाळायचे झोके असतील? मुलांना तिकडे नेणाऱ्या आईबापांनी हा प्रश्न आधीपासूनच विचारायला हरकत नाही. तूर्त कुठल्याही पार्कला जाताना एवढे करावे. निघण्याआधी राईडच्या उंचीच्या अटी बघाव्यात, म्हणजे दारातच लहानग्याचा हिरमोड होणार नाही. सगळ्यांना एकत्र बसता येईल अशा दोन-तीन गोष्टी आधी उरकाव्यात, वेगाचे खेळ नंतर. आणि बुजुर्गांना ‘तुम्ही इथेच बसा, आम्ही येतो’ असे सांगून दिवस काढू नये. त्यांना घरी बसता येत होतेच.

शेवटी हा हिशेब घरातही रोजच मांडावा लागतो. दोन खोल्यांत नवा पलंग आणायचा तर जुने काहीतरी जाणारच. अम्मीचे शिलाई मशीन जाईल, नाहीतर अब्बांची आरामखुर्ची. सगळेच ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. पण काढण्याआधी त्या वस्तूवर आजही कोण बसते, आजही तिच्याशी कोण बोलते, हे पाहावे. ज्याची वस्तू आहे त्याला विचारावे. काढायचीच तर तिच्या जागी जे येईल त्यात त्या माणसालाही जागा असावी. नवी खुर्ची आली आणि अब्बांना बसायला जागाच उरली नाही, तर खोली नवी दिसेल, पण घर लहान झालेले असेल.